अर्लकडचं ब्रिस्केट आणि आमचं टेक्सासचं घर

नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावच्या घरात आमचे शनिवारचे कपडे वेगळे होते आणि ते कपाटात नसायचे. गॅरेजमध्ये वॉशिंग मशीनच्या वर बाबांनी दोन खिळे ठोकले होते. एकावर त्यांचं तपकिरी जॅकेट आणि दुसऱ्यावर माझा राखाडी स्वेटशर्ट. ओकच्या लाकडाचा धूर त्यांत इतका मुरला होता की आठवडाभर गॅरेजचं दार उघडलं की कुणीतरी आत चूल पेटवून गेल्यासारखं वाटायचं. आईचा नियम साधा होता. बाहेर काय खायचं ते खा, पण तो वास माझ्या देवांपर्यंत येता कामा नये. देव होते स्वयंपाकघरात, मसाल्यांच्या वरच्या फळीवर, त्यामुळे वास स्वयंपाकघरात आला की देवांपर्यंत आलाच. म्हणून शनिवारी दुपारी परत आलो की गॅरेजमध्येच जॅकेट काढायचं, मागच्या बाथरूममध्ये आंघोळ करायची आणि मगच चहाला यायचं. ऐन जानेवारीत त्या गार गॅरेजमध्ये कुडकुडत बाबा म्हणायचे, "तुझी आई टेक्सासात एवढी कडक नव्हती." त्यावर आतून आवाज यायचा, "टेक्सासात गॅरेज मोठं होतं."

ब्रिस्केट म्हणजे गाईच्या छातीकडचं मांस. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना नाक मुरडायचंय त्यांना पुढची पानं चाळायचा त्रास नको. बाबा नागपूरचे, सावजी रश्श्यावर पोसलेले. आई पुण्याची, तिच्या माहेरी अंड्याचं नावसुद्धा दबक्या आवाजात घेत. हे लग्न कसं जमलं याच्या दोघांकडे दोन वेगळ्या हकिगती आहेत आणि एकमेकांसमोर दोघंही आपली सांगत नाहीत. ऑस्टिनला आलो तेव्हा मी सात वर्षांची होते. बाबांच्या ऑफिसातल्या मंडळींनी त्यांना शहराबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये जेवायला नेलं आणि बाबा घरी आले ते देवदर्शन झाल्यासारखा चेहरा घेऊन. थोडे दिवस त्यांनी आईपासून लपवलं, मग आपणहून सांगून टाकलं. नागपूरच्या माणसाच्या पोटात काही राहत नाही, असं आई म्हणायची. हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं की त्यावर माझा पुरता विश्वास बसला होता. आईनं काही दिवस अबोला धरला आणि मग 'बाहेरचं बाहेर' हा तह झाला. त्या तहाखाली मीही आले, कारण बाबांना सोबत हवी होती आणि मला बाबा.

टेक्सासातल्या शाळेचा बँड म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला समजावणं कठीण आहे. गणपतीच्या ढोलपथकात ज्यांनी मनगटं सुजवून घेतलीत त्यांना थोडंफार कळेल. ऑगस्टच्या उन्हात, तापलेल्या डांबरी पार्किंग लॉटवर, क्लॅरिनेट तोंडाला लावून पुढं, मागं, तिरपं चालायचं, एका रेषेत, पायाकडे न बघता. नववीत मी सगळ्यात मागच्या रांगेत होते. पुढं बारावीच्या मुली, आणि त्यातली एक क्लॅरिनेटवाल्यांची प्रमुख. तिच्या खांद्यावर पांढरी दोरी असे. त्या दोरीकडे बघत मी अख्खं वर्ष काढलं. बारावीत ती माझ्या खांद्यावर असणार, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. पंधराव्या वर्षी माणूस जेवढं पक्कं ठरवू शकतो तेवढं पुढं कधी जमत नाही.

नेमकी तेव्हाच बाबांची कंपनी बुडाली. डॉटकॉमच्या पडझडीत कितीतरी बुडाल्या, त्यातलीच ही. व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की त्याचा देशही जातो, त्यामुळे मिळेल ती नोकरी मिळेल त्या गावी धरायची. बाबांना मिळाली ती नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीजवळ. खोके भरताना टेपचा तो फर्रकन फाटण्याचा आवाज आणि दर आवाजाला माझं रडणं, असं दिवसभर चाललं होतं. शेवटी बाबा उठले आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर माझ्यासमोर मांडी घालून बसले. "हे बघ, घर विकून नाही राहिलो आपण," ते म्हणाले. "भाड्यानं देऊन राहिलोय. दोन वर्षं. बारावीला तू इथंच, ह्याच शाळेत. तुझ्या गळ्याची शप्पथ." आणि त्यांनी खरंच दोन बोटांनी माझ्या गळ्याला स्पर्श केला. आमच्या घरात गळ्याची शपथ कुणी घेत नसे, आईला ती अशुभ वाटायची. आई तिथंच ओट्याशी कढया वर्तमानपत्रात गुंडाळत होती. ती त्यांना थांबवायला काही बोलली नाही, तेव्हा मी डोळे पुसले. माझं बँडचं जॅकेट, सगळ्यांनी सह्या केलेला ढोलाचा फाटका पडदा आणि स्पर्धेतले बिल्ले मी एका खोक्यात भरले आणि मुद्दाम मागं ठेवले. बाबांनी खोका गॅरेजच्या माळ्यावर चढवला. परत यायचंच आहे तर सोबत कशाला न्यायचा?

कॅरीत मी पाहुणीसारखी राहिले. सूटकेस पलंगाखाली होती, त्यातूनच कपडे काढायचे आणि धुऊन त्यातच ठेवायचे. शाळेच्या बँडमास्तरांनी दोनदा बोलावलं, दोन्हीदा मी थँक यू म्हणून परत आले. ज्या गावात राहायचंच नाही तिथं वाजवायचं कशाला? घर चांगलं होतं खरं तर. मागं पाइनची झाडं होती, आणि स्वयंपाकघराच्या छताला एक स्मोक अलार्म होता, तो आईच्या हिंगमोहरीच्या फोडणीला न चुकता कोकलायचा. आई कढल्यात फोडणी करणार, अलार्म ओरडणार, बाबा खुर्चीवर चढून वर्तमानपत्रानं त्याला वारा घालणार, हे रोज संध्याकाळी. मग आमटी-भात, एखादी भाजी, आणि जेवताना टेक्सासच्या भाडेकरूंच्या बातम्या. बाबा त्या मोठ्या रंगवून सांगायचे. नवरा-बायको तरुण आहेत. त्यांनी अंगणातला नळ बदलला. त्यांना बाळ झालं. बाळ रांगायला लागलं, आणि माझ्या खोलीतल्या भिंतीवर त्यानं खडूनं रेघोट्या मारल्या. मला त्या बाळाचा रागही आला होता आणि कौतुकही वाटलं होतं. आपण परत गेलो की ती भिंत रंगवायची नाही, तशीच ठेवायची, असं मी जेवता जेवता जाहीर केलं. आईनं माझ्या पानात आणखी भात वाढला.

पहिल्या ख्रिसमसला बाबा ऑफिसच्या कामासाठी आठवडाभर बाहेरगावी गेले होते. परत आल्यावर पुढच्याच शनिवारी किल्ल्या वाजवत ते माझ्या दाराशी आले. "चल बे, आज टेक्सास शोधू." इतक्या महिन्यांत त्यांना हे पहिल्यांदाच सुचलं होतं. मी चटकन बूट घातले.

नॉर्थ कॅरोलायनातल्या लोकांचा बार्बेक्यूबद्दलचा समज माझ्या मते आजही दुरुस्त व्हायला हवा. त्यांच्याकडे बार्बेक्यू म्हणजे डुकराचं मांस, शिजवून, बारीक तोडून, वर व्हिनेगरचं पाणी. वाईट लागतं असं नाही. पण पुण्याच्या माणसानं तर्री-पोह्यांच्या नावाखाली गोडसर पोह्यांवर शेव भुरभुरून द्यावी आणि नागपूरकरानं ते मुकाट खावं, अशी अपेक्षा आहे का कुणाची? आम्ही हिवाळाभर हिंडलो. बाबा प्रत्येक ठिकाणी काउंटरवरच्या बाईला "ब्रिस्केट?" विचारायचे आणि प्रत्येक बाई मान तिरकी करून आमच्याकडे प्रेमानं बघायची. एका ठिकाणी होतं, तर ते उकडलेलं निघालं, वर गोड सॉस. "बाबा, दिस इज नॉट बार्बेक्यू, दिस इज पनिशमेंट," मी म्हणाले. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. गाडीत आम्ही टेक्सासातल्या रस्त्यांची नावं ओळीनं म्हणत जायचो. मला वाटायचं, त्यांनाही माझ्याइतकीच आठवण येते.

अर्लचं दुकान बाबांना एका सहकाऱ्यानं सांगितलं. कॅरीपासून अर्ध्या तासावर, शेतांच्या मधून जाणाऱ्या रस्त्यावर, बंद पडलेल्या पेट्रोल पंपाच्या जागेत. गाडीचं दार उघडलं आणि मी तिथंच थबकले. हिकरीच्या लाकडाचा धूर नव्हता तो. इथले सगळे हिकरी जाळतात, तिचा वास नाकाला बोचतो. हा ओकचा होता, मऊ, थोडा गोडसर. आत चार-पाच टेबलं, भिंतीला टेकवलेली लाकडं आणि काउंटरमागं दोन पिंपांएवढा अर्ल, लांब सुरी घेऊन. टेक्सासच्या मध्यभागातल्या कुठल्याशा लहान गावचा होता, बायकोच्या माहेरी स्थायिक झालेला. शब्द इतके ओढत बोलायचा की वाक्य संपेपर्यंत मांस गार होईल. त्यानं प्लेट दिली नाही, काटाही दिला नाही. तपकिरी कागदावर मांसाचे जाड काप, पांढऱ्या ब्रेडचे स्लाइस, कच्चा कांदा आणि लोणच्याच्या काकड्या. मी एक काप उचलून बोटावर आडवा ठेवला. तो दोन्हीकडून लोंबला, पण तुटला नाही. कडेला काळी, मिऱ्याची साल, तिच्या आत बोटभर गुलाबी रेघ आणि चरबी लोण्यासारखी वितळलेली. मी खाल्लं आणि हसायला लागले. तोंडात घास, डोळ्यांतून पाणी आणि हसू थांबेना. कॅरीला आल्यापासून मी अशी हसले नव्हते. बाबा खायचे थांबून माझ्याकडे बघत होते. त्यांनी खोल श्वास सोडला आणि टेबलाला टेकले, डोक्यावरचं ओझं कुणीतरी उतरवून घेतलं असावं तसे. मला वाटलं, त्यांनाही चव पटली.

त्यानंतर आमचे शनिवार तिथंच. पुढं पुढं आईही यायला लागली, "घरात एकटी बसून काय करू" म्हणत. ती पर्समध्ये दहीभाताचा डबा घेऊन यायची आणि सोबत लिंबाचं लोणचं. अर्लनं पहिल्यांदा तो डबा पाहिला तेव्हा आता ही बाई आपल्या दुकानात बाहेरचं खाणार की काय, अशा नजरेनं बघितलं. आईनं त्याला लोणच्याची फोड दिली. पुढच्या शनिवारी तिच्यासाठी मांस घालायच्या आधीच काढून ठेवलेल्या घेवड्याची वाटी आली, सोबत जालापेन्यो मिरच्यांचं लोणचं. आईनं घेवडा चाखला आणि मला म्हणाली, "त्याला सांग, जिऱ्याची फोडणी दे म्हणावं. आणि थोडा गूळ." मी सांगितलं. अर्ल विचारात पडला आणि म्हणाला, की त्याच्या आजीनंही असाच अपमान केला असता. आता मी राहते त्या बेलव्ह्यूला कुठल्याही कोपऱ्यावर टेक्सास ब्रिस्केट मिळतं, पाटीवर गाईचं चित्र आणि खाली शंभर प्रकारचे सॉस. मी जाते, खाते, मुलांना खाऊ घालते. चांगलं असतं. पण माझं खरं खाणं त्या पेट्रोल पंपात झालं आणि तिथंच संपलं.

अर्ल वर्षातून एकदा ट्रक घेऊन टेक्सासला जायचा. ब्रिस्केटला लागणारा तिकडचा ओक तो स्वतः पारखून आणायचा, दुसऱ्यावर विश्वास नव्हता त्याचा. माझं अकरावीचं वर्ष संपत आलं होतं. उन्हाळ्यात आम्ही परत जाणार होतो. निदान मी जाणार होते, बाबा हल्ली त्यावर "बघू ना, अजून वेळ आहे" एवढंच म्हणायचे. मी जुन्या बँडमास्तरांना ईमेल करून कळवून टाकलं होतं की ऑगस्टच्या सरावाला मी येतेय. मला ते जॅकेट हवं होतं. दोन वर्षांत मी वाढले होते, ते मला होईल की नाही हे बघायचं होतं. बाबांना सांगितलं तर म्हणतील, भाडेकरूंना कशाला त्रास. म्हणून अर्ल निघायच्या आधीच्या शनिवारी, बाबा मागं त्याची लाकडं रचायला मदत करत होते तेव्हा, मी त्याला हळूच पत्ता दिला. "गॅरेजच्या माळ्यावर माझा खोका आहे. भाडेकरूंना माझं नाव सांगा, ते देतील. बाबांना सरप्राइज द्यायचंय." अर्लनं पत्ता खिशात घातला आणि ओठांवर बोट ठेवलं. असल्या कटात भाग घ्यायला त्याला फार आवडायचं.

तो परत आला तेव्हा पाइनचा पिवळा पराग उडत होता. कॅरीत वसंतात तो सगळीकडे बसतो, गाड्यांवर, पायऱ्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, हळद उधळल्यासारखा. आई आमच्या नेहमीच्या टेबलावर डबा उघडत होती, बाबा कोपऱ्यातून लोणच्याच्या काकड्या घ्यायला गेले होते, मी काउंटरशी. अर्ल सुरी चालवता चालवता खाली वाकला, कुजबुजल्यासारखा, पण त्याची कुजबुजही दुकानभर ऐकू यायची.

"गेलो होतो तुझ्या घरी. बाई फार चांगली. लिंबाचं सरबत पाजलं मला. पण खोका नाही म्हणाली. तिनं घर घेतलं तेव्हा माळा रिकामा होता, झाडून पुसून."

"घेतलं म्हणजे भाड्यानं," मी म्हणाले.

"नाही, विकत. तुम्ही सोडून गेलात त्याच ख्रिसमसला. तुझ्या वडिलांचं नाव नीट आठवत होतं तिला. फार सज्जन माणूस, म्हणाली."

"आणि तिचा नवरा? बाळ?"

अर्लची सुरी थांबली. "कुठलं बाळ? विधवा आहे ती. एकटी राहते. दोन मांजरी आहेत."

मी वळून बघितलं. बाबा हातात काकड्यांची वाटी घेऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांचा चेहरा पडला असता, ते रागावले असते, काहीही केलं असतं तरी मी आज ते वेगळ्या शब्दांत लिहिलं असतं. पण अर्लनं घाबरून "मी काही चुकीचं बोललो का?" विचारलं आणि बाबा हसले. ऑफिसात हसतात तसं, दात दाखवून. "नो, नो, अर्ल. ऑल गुड," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता मराठीत, हळू आवाजात, "घरी बोलू." अर्लनं आमचं मांस कागदात बांधून दिलं. ते तिथंच काउंटरवर राहिलं, कुणीच उचललं नाही.

आम्ही गाडीत बसलो. आईनं डब्याचं झाकण पुन्हा पुन्हा दाबून बघितलं. मी सगळी बेरीज करत होते. ख्रिसमसला बाहेरगावी गेलेले बाबा. परत आल्यावर पहिल्याच शनिवारी वाजलेल्या किल्ल्या. ज्या माणसाला सहा महिने टेक्सासचं मांस आठवलं नाही, त्याला घर विकून आल्यावर एकदम आठवलं. म्हणजे ते हिवाळाभरचं हिंडणं, ती रस्त्यांची नावं, तो ठसका लागेपर्यंतचा हशा. हातातलं खेळणं काढून घेताना मूल रडू नये म्हणून तोंडात साखर घालतात, तसे माझे शनिवार होते. आणि मी ते चवीनं खाल्ले होते.

घरी गॅरेजमध्ये बाबांनी सवयीनं जॅकेट काढून खिळ्याला अडकवलं. मी थांबले नाही. धुराचा वास अंगावर घेऊन सरळ स्वयंपाकघरात गेले आणि देवांच्या फळीखाली उभी राहिले. आई मागून आली, तिनं बघितलं आणि ती काहीच म्हणाली नाही. एरवी तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. ती गप्प राहिली तेव्हाच मला कळलं की तिलाही माहीत होतं, पहिल्यापासून.

"खोका कुठंय?" मी विचारलं.

"डोनेट केला," बाबा दारातून म्हणाले. "इकडे आणला असता तर तुला समजलं असतं ना."

"माझं जॅकेट कुणालातरी देऊन टाकलं?"

"ग्रीन कार्डची फाइल इथल्या नोकरीतून लागली आहे," ते म्हणाले. हे त्यांनी पाठ करून ठेवलं असावं, इतकं सरळ आलं. "ही नोकरी सोडली की सगळं पहिल्यापासून. तू एकवीसची झालीस की आमच्या अर्जातून बाहेर पडशील, मग तुला एकटीला परत जावं लागेल. तुझ्यासाठीच केलं सगळं."

आज मला माहीत आहे की यातला शब्द न् शब्द खरा होता. माझ्या ओळखीतल्या दोन मुलांना एकविसाव्या वर्षी खरोखर सामान बांधावं लागलं. माझं आजचं घर, माझी नोकरी, सगळं त्या फाइलवर उभं आहे. म्हणून मी त्यांचे आभार मानावेत असं नातेवाइकांना वाटतं आणि लग्नकार्यात कुणीतरी ते बोलूनही दाखवतं. पण फाइलचं मला सांगता आलं असतं. मी सतरा वर्षांची होते, मला इंग्रजी वाचता येत होतं, मराठी कळत होती. बाळ कशाला हवं होतं?

मी तेच विचारलं. "मग ते बाळ कोण?"

आई ओट्याशी पाठ करून उभी होती. ती वळली. "मी ह्यांना फक्त भाडेकरू म्हणा म्हटलं होतं," ती त्राग्यानं म्हणाली. "बाळ ह्यांनी आपल्या मनानं घातलं."

"तू म्हणालीस?"

"हो, मीच. ह्यांना सांगायचं होतं तुला, घर विकून आल्या दिवशीच. मी म्हटलं, पोरगी कोलमडेल. आशेवर असली तर अभ्यास तरी करेल. आणि केलास की नाही? मार्क बघ तुझे." तिचा आवाज चढला, पण डोळे भरले होते. "माझ्या वडिलांनी मला गाण्याच्या क्लासच्या आशेवर बारावीपर्यंत नेलं. दर वर्षी, यंदा पास हो, पुढच्या वर्षी क्लास."

"मग लावला क्लास?"

"लग्न लावलं," आई म्हणाली. मग तिनं पदरानं नाक पुसलं आणि चहाचं आधण ठेवलं. तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. ती त्यातून तरली होती, मीही तरेन, असा तिचा सरळ हिशेब होता. मला तिचा राग यायला हवा होता, पण तो बाबांवरच येत राहिला. आईनं माझी कधी शपथ घेतली नव्हती. आणि आईसोबत मी हिवाळाभर रस्त्यांची नावं म्हणत हिंडले नव्हते.

बाबा खुर्चीत बसले. अलार्मखालची ती खुर्ची. त्यांचे हात अर्लची लाकडं रचून रचून खरखरीत झाले होते, त्यांच्याकडे बाबा उगाच बघत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"तुम्ही गळ्याची शपथ घेतली होती."

"घेतली तेव्हा खरी होती," ते म्हणाले. "खरंच होती, बेटा. तेव्हा परत जायचंच होतं."

"मग खोटी झाली तेव्हा का नाही सांगितलंत? आईनं नको म्हटलं म्हणून? दीड वर्ष?"

"नाही." त्यांनी वर बघितलं. त्यांना खोटं बोलायचा कंटाळा आला होता, ते दिसत होतं. "आईला मी म्हटलं होतं, वसंतात सांगून टाकतो, काही झालं तरी. ठरवलंच होतं. त्या दिवशी परत येताना गाडीत सांगणार होतो, अर्लकडे पहिल्यांदा गेलो होतो ना, तेव्हा." ते पुन्हा हातांकडे बघायला लागले. "पण तू हसायला लागलीस."

आधणाला उकळी फुटली होती. आईनं त्यात साखर घातली, पत्ती घातली, आणि तीन कप मांडले. मी माझा कप उचलून परत भांड्यांच्या मांडणीवर ठेवला आणि खोलीत जाऊन पलंगाखालची सूटकेस ओढली. त्यातले कपडे एकेक करून कपाटात लावले, कारण आता दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. बारावी मी कॅरीलाच केली, कॉलेजही जवळच घेतलं. बाबांशी मी बोलत होते, जेवत होते, त्यांच्यासोबत बाजारालाही जात होते. कुणाला काही कळलं नसतं. फक्त ते काही गमतीचं बोलले की मी आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचे, हे आत्ता काय सांगायचं टाळतायत ते ओळखायला, आणि तेवढ्यात हसायची वेळ निघून जायची.